वेळेत आलात तर दाढ वाचते

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. शिक्षण सावंगी (मेघे) इथलं. तिथे १९९१ साली दंत महाविद्यालय सुरू झालं आणि आर्वी-कारंजापासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंतच्या माणसाला दातांच्या मोठ्या कामासाठी जिल्ह्यातच जागा मिळाली. तरीही दवाखान्यात रोज कानावर पडणारं वाक्य बदललेलं नाही: "काढूनच टाका जी मॅडम, कटकटच नको." माझं भांडण या वाक्याशी आहे. लोक ज्या दाढा काढून घ्यायला येतात त्यांतल्या पुष्कळ वाचवता येतात, आणि ज्या खरोखर हाताबाहेर गेलेल्या असतात त्याही वर्षभर आधी वाचल्या असत्या. खुर्चीशेजारी उभं राहून जे उमगलं ते सांगते.

१. ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असं नाही

दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण भाग. त्यात जवळजवळ ९६ टक्के खनिज असतं आणि जाणीव अजिबात नसते. त्यामुळे कीड कवचात असते तोवर काहीच दुखत नाही. आधी खडूसारखा पांढुरका डाग, मग तपकिरी रेघ, मग बारीक खड्डा. कीड आतल्या डेंटिनमध्ये उतरली की थंड पाण्याने, गोडाने चमक निघते आणि लगेच थांबते. या टप्प्यावर आलात तर एका बैठकीत दात भरून घरी जाता.

पुढचा टप्पा रात्रीचा. आडवं झालं की ठणका वाढतो, गरम चहा लागला की जीव कळवळतो. काही जण पाण्याची थंड बाटली हातात घेऊनच येतात. घोट तोंडात धरला की बरं वाटतं, गिळला की पुन्हा सुरू. असा पेशंट दारात दिसला की एक्स-रेच्या आधीच मला अंदाज येतो, आतली नस मरायला टेकली आहे. आणि मग एक दिवस सगळं शांत होतं. पेशंट म्हणतो, "आता आपोआपच थांबली जी." थांबली, कारण नस मेली. जंतू मात्र मुळाच्या टोकाशी काम करतच राहतात, तिथलं हाड पोखरतात, आणि काही महिन्यांनी हिरडीवर पुटकुळी येते किंवा गाल सुजतो.

आमच्याकडे या शांततेला शेतीच्या वेळापत्रकाचीही साथ मिळते. वेचणीच्या दिवसांत दाढ ठणकते तेव्हा मजुरी बुडवून कोणी येत नाही. मेडिकलमधून गोळी आणायची, लवंग दाबून धरायची आणि उलंगवाडी होईपर्यंत, कापसाचे चुकारे हाती येईपर्यंत दिवस काढायचे. मी हे समजू शकते, हंगाम कोणाला चुकलाय! म्हणूनच पोळ्याच्या आधी, हातात थोडी सवड असताना, एकदा तोंड दाखवून जा असं मी प्रत्येकाला सांगते. त्या वेळी निघालेलं काम लहान असतं आणि खर्चही लहान.

२. दातात किडा नसतो

आठवडी बाजारात धूर देऊन किडे काढणारे आजही भेटतात. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकतात, नळीने धूर तोंडात घेतात, आणि खालच्या वाटीतल्या पाण्यात पांढरे बारीक वळवळीत काही तरी दाखवतात. ते तापून फुटलेल्या बियांच्या आतले कोंब असतात. धुराने दाढ घटकाभर बधिर होते आणि माणूस समाधानाने घरी जातो. हा समज फक्त आपल्याकडचा नाही; जगभर होता. फ्रान्समध्ये पिएर फोशार याने १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात तो खोडून काढला, आणि १८९०मध्ये विलोबी मिलर या संशोधकाने खरी गोष्ट मांडली: तोंडातले जंतू गोड आणि पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचं खनिज विरघळवतं.

हे आम्ल दर खाण्याबरोबर तयार होतं. त्यानंतर अर्धा-पाऊण तास दाताचं खनिज निघत राहतं आणि मग लाळ हळूहळू ते परत भरून काढते. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. दिवसातून सहा वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा आणि त्यासोबत बिस्किट घेणाऱ्याच्या दाताला भरपाईची उसंतच मिळत नाही. आपल्या वर्ध्याचा गोरसपाक मीही आवडीने खाते, पण जेवणासोबत, आणि वर भरपूर पाणी. दिवसभर डब्यातून एकेक तुकडा तोंडात टाकत राहणं वेगळं.

३. ब्रशापेक्षा पेस्टमध्ये काय आहे ते बघा

कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वाईट नाही. नीट वापरली तर दात स्वच्छ होतात. तिच्यात फ्लोराइड नसतं, एवढाच मुद्दा. विरघळलेलं खनिज परत बसवायला फ्लोराइड मदत करतं, आणि मोठ्यांच्या पेस्टमध्ये ते साधारण १००० पीपीएमच्या आसपास असावं. ट्यूबच्या पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. घासून झालं की थुंकायचं. खळखळून दहा चुळा भरल्या की फ्लोराइडही त्यांच्याबरोबर वाहून जातं. रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी होते.

राखेने, विटकरीच्या भुकटीने, खरखरीत लाल मंजनाने घासणाऱ्यांचे दात हिरडीजवळ कुऱ्हाडीने खाच पाडावी तसे झिजलेले मी बघते. आणि गावात बऱ्याच बाया नस (म्हणजे तपकीर) किंवा गुडाखू घासतात. ते दंतमंजन नव्हे, तंबाखू आहे. त्याने दुखणं दबतं, कारण तंबाखू तात्पुरती बधिरता देते. दाढ आत सडतच असते.

यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांतून येणाऱ्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतात. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्याचे ते डाग. ती कीड नाही. त्या मुलांना सगळ्यात आधी पिण्याचं पाणी बदलून हवं असतं, आणि ते काम माझ्या खुर्चीवर होत नाही, ग्रामपंचायतीत होतं.

४. दात भरणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं काम

एकदा एका आश्रमशाळेत तपासणी शिबिर होतं. दुपारी वीज गेली ती परत आलीच नाही. मुलं रांगेत बसलेली. आम्ही मुलांना खिडकीजवळच्या बाकावर आडवं केलं आणि हाताच्या हत्यारांनी काम सुरू केलं. चमच्यासारख्या टोकाच्या बारीक हत्याराने किडलेला भाग खरवडताना तो ओल्या चामड्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्याने निघतो, आवाज करत नाही. मग एका क्षणी हत्यार कर्रर्र वाजतं. तो आवाज आला की खाली घट्ट डेंटिन लागलं, थांबायचं. कागदाच्या पॅडवर पावडर आणि द्रव कालवायचं, मिश्रण चकचकीत आहे तोवरच खड्ड्यात भरायचं, आणि व्हॅसलीन लावलेल्या बोटाने मिनिट-दोन मिनिटं दाबून धरायचं. ना सुई, ना मशीन. त्या दिवशी रडणारं पोर एखादंच निघालं.

हे सिमेंट म्हणजे ग्लास आयोनोमर. १९७०च्या सुमारास लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी तयार केलं. ते दाताला स्वतःहून चिकटतं आणि थोडं थोडं फ्लोराइड सोडत राहतं. हातानेच किडलेलं काढून ते भरायची पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यात टांझानियात यो फ्रेंकेन यांनी सुरू केली, जिथे वीज नाही, दंतवैद्य नाही अशा गावांसाठी. आपल्या भागासाठी ती बेतून दिल्यासारखी आहे, आणि प्रत्येक आश्रमशाळेत वर्षातून एकदा तरी ती पोचली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

मोठ्यांच्या दाढेत आता बहुतेक दाताच्या रंगाचं कंपोझिट भरतात. ते थराथराने भरून निळ्या प्रकाशाने कडक करायचं असतं आणि त्या वेळी जागा अगदी कोरडी लागते, म्हणून वेळ जातो. "जल्दी करा नं मॅडम" म्हणू नका. थुंकी लागली की पकड सुटते. जुन्या लोकांच्या दाढांत चांदीचं म्हणून जे भरलेलं असतं त्यात सुमारे निम्मा पारा असतो. पाऱ्याचा वापर जगभर कमी करत आणण्याचं आता ठरलंय, म्हणून नवीन भरणं कमी झालं. पण तोंडातलं जुनं घट्ट बसलेलं असेल तर भीतीपोटी उकरून काढायला सांगू नका.

५. रूट कॅनलनंतर कॅप न बसवणं म्हणजे अर्धं काम

कीड नसेपर्यंत पोचली की भरून भागत नाही. दाढ बधिर करून वरून वाट करायची, आतली सडलेली नस काढायची, मुळातल्या नळ्या बारीक फाइलींनी साफ करायच्या, औषधाने धुवायच्या आणि गटापर्चाने टोकापर्यंत बंद करायच्या. खालच्या दाढेत बहुधा तीन नळ्या, वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा चार. चौथी सापडायला अर्धा तास जातो आणि ती राहून गेली तर पुन्हा दुखतं. म्हणून "एवढा वेळ कायले लागते?" असं विचारणाऱ्याला मी एक्स-रे हातात देऊन नळ्या मोजायला लावते.

पू साठलेली दाढ उघडली की क्षणात दाब सुटतो. आठ दिवस न झोपलेला माणूस खुर्चीतच डोळे मिटतो. दंतवैद्याला मिळणारं यापेक्षा मोठं समाधान मला ठाऊक नाही.

पण पेशंट इथेच निघून जातो. दुखणं गेलं, मग कॅपचा खर्च कशाला? नस काढलेली दाढ आतून पोकळ झालेली असते, भिंती पातळ झालेल्या असतात. देवळीकडच्या एका शेतकऱ्याची अशीच दाढ मी मोठ्या कष्टाने वाचवली होती. कॅप पुढच्या हंगामावर गेली. भाजलेल्या तुरीच्या शेंगा खाताना दाढ उभी चिरली ती थेट मुळापर्यंत. मग काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि आधीचे सगळे पैसे वाया गेले. म्हणून आता मी रूट कॅनल सुरू करण्याआधीच दोन्हींचा खर्च एकत्र सांगते. पूर्ण जमत नसेल तर साधी धातूची कॅप घ्या, आतल्या दाढेवर ती कोणाला दिसत नाही आणि दणकट असते. तेही जमत नसेल तर दंत महाविद्यालयात जा. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, खर्च बराच कमी येतो, आणि प्रत्येक टप्पा वरिष्ठांनी तपासल्याशिवाय पुढे जात नाही.

वरची दाढ काढली की डोळे कमजोर होतात, रूट कॅनलने मेंदूला त्रास होतो, हेही रोज ऐकते. दाताच्या नसेचा नजरेशी काही संबंध नाही.

६. खर्रा तोंडाचं दारच बंद करतो

विदर्भात दातांबद्दल लिहायचं आणि खर्ऱ्याबद्दल गप्प राहायचं, हे माझ्याने होणार नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून दिवसभर गालात धरायचा. कडक सुपारीने दाढा सपाट झिजतात, कधी तडकतात. पुडी धरलेल्या जागी हिरडी खाली सरकते आणि उघड्या पडलेल्या मुळाला कीड लागते. हे सगळं एक वेळ दुरुस्त करता येतं. सुपारीने गालाची आतली त्वचा मात्र पांढरी आणि ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं, ते पूर्ववत होत नाही. त्यातूनच पुढे कर्करोगाचा धोका.

स्वतः तपासा. आपल्या हाताची मधली तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का? दोनच जात असतील तर आजच दाखवा. पंचविशीतली पोरं मागच्या दाढेचं रूट कॅनल करायला येतात आणि माझं हत्यारच आत जात नाही. उपचार माहीत आहे, हातात कसब आहे, दाढ वाचण्याजोगी आहे, आणि तरी ती वाचवता येत नाही.

७. सूज आली की शेक देऊ नका, वाटही पाहू नका

गाल सुजला की घरोघरी मीठ तापवून, वीट तापवून बाहेरून शेकतात. त्याने पू बाहेरच्या बाजूला सरकतो आणि गालावर फुटतो. जन्मभराचा व्रण राहतो. ॲस्पिरिनची गोळी हिरडीला लावून ठेवतात, तिने तिथली त्वचा भाजते. लवंगेचं तेल चालतं. त्यातल्या युजेनॉलने खरंच दुखणं दबतं, आम्हीही ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरतं भरायला वापरतो. पण तो रात्र काढण्यापुरता उपाय.

मेडिकलमधून तीन दिवसांच्या गोळ्या घेतल्या, सूज उतरली, विषय संपला, असं होत नाही. जंतूंचं घर दाढेच्या आत असतं, तिथे रक्तपुरवठाच उरलेला नसतो, तर औषध पोचणार कुठून? दाढ उघडावी लागते किंवा काढावी लागते. सूज जबड्याखाली उतरली, गिळताना त्रास होतोय, जीभ वर ढकलली जातेय, आवाज बदललाय, ताप आहे, असं काही दिसलं तर माझ्याकडेही येऊ नका. सरळ सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या मोठ्या रुग्णालयात न्या, रात्र असली तरी. श्वासाची वाट बंद होऊ शकते. मधुमेह असलेल्यांनी तर तासाचाही उशीर करू नये.

८. बोळकं तोंड हे म्हातारपण नव्हे

आमच्या जिल्ह्यात गांधीजींचे बोळक्या हसण्याचे फोटो घराघरांत, शाळाशाळांत आहेत. ते हसू सगळ्यांना प्रिय. पण वय झालं की दात जायचेच, हे लोकांनी इतकं मनावर घेतलं आहे की पन्नाशीतच सगळे काढून कवळी मागतात. वयाने दात पडत नाहीत. कीड आणि हिरड्यांच्या आजाराने पडतात. एक दाढ काढली की शेजारची त्या जागेत कलते, समोरची खाली उतरते, फटीत अन्न अडकतं आणि पुढचीही किडते. म्हणून काढावीच लागली तर ती जागा ब्रिजने, कवळीने किंवा इम्प्लांटने भरा. मात्र स्वतःच्या दाढेची सर कशालाच नाही.

९. सहाव्या वर्षी येणारी दाढ कायमची असते

हे सगळ्यात जास्त घरांत माहीत नसतं. मूल सहा वर्षांचं झालं की दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, गुपचूप एक नवी दाढ येते. आईला वाटतं हीही दुधाचीच, पडेल. ती पडत नाही. आयुष्यभर चावायचं सगळ्यात जास्त काम तिच्याकडेच असतं. नवी असताना तिच्या वरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा एक केसही आत जात नाही, आणि मुलाच्या हाताला मागपर्यंत घासण्याचं वळण अजून लागलेलं नसतं. दहाव्या वर्षी माझ्यापुढे मूल येतं तेव्हा तिचा वरचा निम्मा भाग गेलेला असतो, आणि आई म्हणते, "पडणारच हाय नं मॅडम?" त्या वेळी उत्तर देताना फार जड जातं.

दुधाच्या दाढाही "पडणारच" म्हणून सोडू नका. मागच्या दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत राहतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा राखून ठेवतात. वेळेआधी काढल्या की नवे दात वाकडे येतात. छोटी कीड थांबवायला आता सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा एक थेंब लावता येतो. किडलेला भाग काळा पडतो, पण कीड बहुधा तिथेच थांबते आणि मूल रडत नाही. जास्त किडलेल्या दाढेवर स्टीलची टोपी बसते, दात पडेपर्यंत टिकते.

कायमच्या दाढेच्या खाचा आल्या आल्या पातळ लेपाने बुजवता येतात. त्याला सीलंट म्हणतात. टोचावं लागत नाही, कोरावं लागत नाही. एका दाढेला काही मिनिटं लागतात.

तेव्हा घरात सहा ते दहा वर्षांचं लेकरू असेल, मग ते तुमचं असो, भाच्याचं असो की शेजारचं, आज रात्री जेवण झाल्यावर त्याला मोबाईलच्या उजेडात तोंड उघडायला लावा आणि खालच्या जबड्यातली सगळ्यात मागची दाढ बघा. स्वच्छ असेल तर लेप लावून घ्या. काळी रेघ किंवा खड्डा दिसला तर तो दुखायची वाट न बघता याच आठवड्यात जवळच्या दंतवैद्याकडे न्या.